कडूबाईच्या हवाली

धाराशिवच्या मुलींच्या शाळेत कडूबाईचं नेमकं काम काय, असं कुणी विचारलं असतं तर पटकन सांगता आलं नसतं. घंटा ती द्यायची, रांजण ती भरायची, वर्ग ती झाडायची. पण शाळेत एखादीला ताप भरला तर तिला घरापर्यंत पोचवायचीही तीच, आणि पोरींच्या मागं शीळ घालत येणाऱ्या टवाळाला भर रस्त्यात थांबवून त्याच्या बापाचं नाव विचारायचीही तीच. वय चाळिशीच्या पुढचं, अंगानं काटक, कपाळ मोकळं. आईची आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, आणि ही जगली. नवरा पटकीत गेला तेव्हा ती ऐन विशीत होती. पदरी मूल नाही. सासरच्या तुकड्यावर राहण्यापेक्षा ती उठून शहरात आली, आणि हेडबाई प्रेमाबाईंनी तिला शाळेत लावून घेतलं. तेव्हापासून साऱ्या पोरींची ती मावशी.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात गावात एक नवंच प्रकरण निघालं. गावाबाहेर एका जुन्या अंमलदाराच्या बंगल्यात नुकतंच कॉलेज सुरू झालेलं. औरंगाबादचं विद्यापीठही तसं कालपरवाचंच. कॉलेज म्हणजे काय असतं हे खेड्यापाड्यातल्या पोरांना कळावं म्हणून मॅट्रिकला जाणाऱ्या हुशार मुलामुलींना मे महिन्यात इथं बोलवायचं, विद्यापीठातले प्राध्यापक येऊन शिकवतील, मुलं तिथंच राहतील, जेवतील, कॉलेजातल्यासारखी वागतील, असं ठरलं. नाव ठेवलं उन्हाळी वर्ग.

मुलगे भराभर आले. मुली कोण पाठवणार? प्रेमाबाई उन्हातान्हात घरोघर हिंडल्या. शेवटी दोघी मिळाल्या. एक लोहाऱ्याच्या कल्याणप्पांची कस्तुरा, खाऊनपिऊन सुखी घरातली, बोलकी. दुसरी बेंबळीच्या चाँदपाशा नालबंदाची नसीम. चाँदपाशा बाजारोबाजार फिरून बैलांना नाली ठोकायचा. नसीम धाराशिवला मावशीकडं राहून शिकत होती, पण उन्हाळ्यात मावशी माहेरी जायची. आणि अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईच्या गडबडीत चाँदपाशाचा थोरला भाऊ बाजाराला म्हणून गेला तो परत आलाच नव्हता. तेव्हापासून चाँदपाशा कुणाच्या शब्दावर चटकन विसंबत नसे.

तो शाळेच्या पायरीशी उभा राहिला, प्रेमाबाईंचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, आणि मग कडूबाईकडं वळून म्हणाला, "तुमी राहणार का तिथं पोरीसंगं?"

"राहायचंच हाय. त्याबिगर हेडबाई पाठवणार न्हाईत."

"रात्रंदिवस?"

"रात्रंदिवस."

"मंग पोरगी तुमच्या हवाली," चाँदपाशा म्हणाला. "कालेजाला म्या वळखत न्हाय. तुमाला वळखतो."

कडूबाईनं मान हलवली. तेवढ्यावर व्यवहार झाला.

बंगल्यातली मागच्या बाजूची एक खोली मुलींना दिली होती. पुढच्या दिवाणखान्यात मुलगे. मधल्या मोठ्या खोलीत वर्ग भरायचे. कडूबाई दाराशी बसायची, पाठीला भिंत आणि डोळे पोरींवर. शिकवलेलं तिला सगळं कळत होतं असं नाही, पण तिथली तऱ्हा तिला कळत होती. इथं छडी नव्हती. इथं उभं राहून पाढे म्हणायचे नव्हते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हे औरंगाबादचे मोठाले मास्तर पोरींना चक्क 'तुम्ही' म्हणत होते.

"तुम्ही सांगा, नसीम. तुम्हांला काय वाटतं?" असं उंबरगे सर पहिल्या दिवशी म्हणाले, तेव्हा नसीमनं मागं वळून पाहिलं होतं, दुसऱ्या कुणाला तर विचारत नाहीत ना म्हणून.

उंबरगे सर झाडापाल्याचं शास्त्र शिकवायचे. जाड भिंगांचा चष्मा, मळकट कोट आणि बोलायला लागले की भान हरपायचं. टेबलावर त्यांनी पितळी सूक्ष्मदर्शक मांडला होता. एकेकानं येऊन डोळा लावायचा. कांद्याचा पापुद्रा त्यात विटांच्या भिंतीसारखा दिसला तेव्हा कस्तुरा हसत सुटली. नसीम हसली नाही. ती डोळा लावून उभीच राहिली. मागच्या पोराला 'आता सरका की' म्हणावं लागलं.

त्यानंतर पोरगी बदलली. जेवताना गप्प, मग मधेच एखादा प्रश्न. एके दिवशी सरांनी सांगितलं की काही वनस्पतींना फूल येतच नाही आणि बीही धरत नाही. नसीमनं हात वर केला.

"मग त्या वाढतात कशा, सर?"

"उत्तम प्रश्न! हंसराज पाहिलाय का तुम्ही? काळ्या बारीक देठाचा, नाजूक पानांचा. त्याच्या पानाच्या मागच्या कडेला तपकिरी रेघा असतात. त्यातच सगळं गुपित आहे. या यंत्राखाली धरलं की दिसतं. पण आता मे महिन्यात हंसराज कुठून आणायचा? ओल हवी, सावली हवी. आता तो मिळाला तर जुन्या विहिरीच्या कपारीतच." सर हसले. "आणून द्या कुणीतरी, परवा जायच्या आधी दाखवतो."

मुलग्यांत कुजबूज झाली, मी आणतो, तू आणतो. कडूबाईनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. पोरं काय, बोलतातच.

दुसरा दिवस बाजाराचा. सकाळचा एक वर्ग झाला आणि संध्याकाळपर्यंत सुट्टी मिळाली. ऊन असं होतं की अंगणातली चिमणीसुद्धा सावली सोडत नव्हती. जेवणं झाल्यावर पोरी खोलीत आडव्या झाल्या. कडूबाई उंबऱ्यात बसली. रात्री उकाड्यानं तिला झोप लागली नव्हती, पहाटे पाण्याला उठावं लागलंच होतं. जरा टेकावं म्हणून तिनं चौकटीला डोकं लावलं.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं. खोलीत कस्तुरा एकटीच बसलेली, पुस्तक उघडून, पण पान उलटत नव्हती.

"नसीम कुठाय?"

"असंल की इथंच. मोरीकडं."

मोरीकडं नव्हती. आडाकडं नव्हती. मागच्या लिंबाखाली नव्हती. खुंटीला लटकणारा तिचा काळा बुरखाही नव्हता.

ती परत आली आणि दार लोटून घेतलं. "कस्तुरा, खरं सांग. कुठं गेली?"

"मला न्हाय ठाव, मावशी." पण पोरीनं मान वर केली नाही.

तेवढ्यात कॉलेजचा शिपाई दारात आला. संध्याकाळी प्राचार्य सगळ्यांशी बोलणार होते, मुलींना बोलवायला आला होता. कडूबाई झटक्यानं उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"नसीमचं डोकं दुखायलंय. झोपलीय. कस्तुरा बसलीय तिच्यापाशी. आज न्हाय येत त्या."

शिपाई गेला. कडूबाई बोलून तर गेली होती. का बोलले हेही तिला ठाऊक होतं. दोन मुली, त्यातली एक भर दुपारी नाहीशी झाली, आणि बंगल्यात तीसभर तरणी पोरं. ही गोष्ट पुढच्या दिवाणखान्यात गेली की दिवेलागणीपर्यंत गावात, आणि उद्या बेंबळीत. मग नसीम सापडली तरी सापडल्यासारखी राहणार नव्हती. आधी गुपचूप शोधावी, मग बोलावं. असं म्हणून ती बंगल्याच्या भोवती हिंडली, रस्त्यापर्यंत गेली, बाजारातून परतणाऱ्या बायांच्या तोंडांकडं बघत उभी राहिली, आणि तशीच परत फिरली. दर वेळी वाटायचं, आता खोलीत शिरले की पोरगी बसलेली दिसंल. दर वेळी खोलीत कस्तुराच असायची, रडवेली.

सूर्य डोंगराकडं कलला. आणि बंगल्याच्या फाटकातून, खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि हातात पाडाच्या आंब्यांची करंडी घेऊन, चाँदपाशा आत आला.

बाजार आटोपून पोरीला भेटून शेवटच्या गाडीनं बेंबळीला जायचं, असा त्याचा बेत. त्यानं करंडी ओट्यावर ठेवली, हातपाय धुतले, डोक्यावरची टोपी सारखी केली.

"कसं काय कडूबाई? लई त्रास देत न्हाईत न्हवं पोरी?"

कडूबाईनं त्याला प्यायला तांब्या भरून दिला.

"बोलवा की जरा. गाडीची येळ व्हायलीय."

झोपलीय, डोकं दुखायलंय. तेच दोन शब्द जिभेवर तयार होते. एकदा चाललेले, अजून एकदा चालले असते. हा माणूस आंबे ठेवून गाडीला गेला असता आणि तिला रात्रभराची उसंत मिळाली असती. कडूबाईनं करंडीकडं पाहिलं. आंब्यांखाली त्यानं कडुलिंबाचा पाला घातला होता, गरम होऊ नयेत म्हणून.

"चाँदभाई," ती म्हणाली, "नसीम जाग्यावर न्हाय. दुपारपासून न्हाय. माझा डोळा लागला अन् पोरगी गेली. कुठं गेली ते मला ठाव न्हाय."

चाँदपाशा हलला नाही. त्याचा चेहरा आधी नुसता कोरा झाला. मग तो फार हळू आवाजात म्हणाला, "कुणासंगं?"

"कुणासंगं न्हाय. सारी पोरं तिकडं पुढं बसलीयत, म्या स्वतः बघून आले."

"मंग कुणाला सांगितलं?"

"कुणाला न्हाय. शिपायाला खोटं सांगितलं, झोपलीय म्हणून. पोरीचं नाव जाईल म्हणून भ्याले. अन् माझंबी."

"दुपारपासून!" तो एकदम ओरडला. "दुपारपासून, अन् तुमी गप बसला?"

त्याच्या ओरडण्यानं आतली कस्तुरा बाहेर आली. नसीमचा बाप असा उभा, मावशी खांबाला धरलेली. पोरीचा धीर सुटला. ती हुंदके देत बोलायला लागली.

"मला शपथ घातली होती तिनं... ती हंसराज आणायला गेली, मावशी. लेण्याच्या वाटंवर मळ्यात पायऱ्याची जुनी विहीर हाय, परवा सहलीला जाताना आमी बघितली होती. ती म्हणाली, मावशी उठायच्या आत येते. मला वाटलं, येईल... आत्ता येईल..."

विहीर हा शब्द निघाला आणि चाँदपाशा मटकन ओट्यावर बसला. लगेच उठलाही.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. कडूबाई पुढच्या खोलीत धावली. प्राचार्य भाषण देत होते. ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमची पोरगी हरवलीय. दोर घ्या अन् चला."

लेण्याची वाट गावाच्या पश्चिमेला, खडकाळ उताराची. उंबरगे सर सगळ्यांत पुढं, कोट काढून हातात घेतलेला, चष्मा सावरत. त्यांच्या मागं पोरं. चाँदपाशा धावत नव्हता, भरभर चालत होता, आणि ओठ हलत होते. कडूबाईच्या पायातली वहाण कधीच निसटली होती.

मळा बब्रुवान नावाच्या शेतकऱ्याचा. नवी विहीर पलीकडं होती, तिच्यावर मोट चाले. जुनी पायऱ्यांची विहीर कित्येक वर्षं कुणी वापरत नव्हतं. एवढी माणसं येताना बघून बब्रुवान बैल सोडायचे टाकून समोर आला. कुणाला शोधतायत ते कळताच तो पळत त्यांच्याही पुढं गेला, विहिरीच्या काठाशी थबकला, आणि दोन्ही हात आडवे करून मागं वळला.

"बाया-माणसांनी फुडं येऊ नका," तो म्हणाला.

काठावरच्या दगडावर काळा बुरखा नीट घडी करून ठेवला होता. त्याच्या शेजारी चपलांचा जोड.

घडी केलेलं कापड आणि सोडलेल्या चपला विहिरीच्या काठावर दिसल्या की काय समजायचं, हे त्या मुलखात लहान पोरालाही कळत होतं. कडूबाईच्या सासरी तिची धाकटी नणंद अशीच गेली होती. काठावर जोडवी काढून ठेवलेली. पाटलाला सासू म्हणाली होती, पाय घसरला. साऱ्या गावानं मान डोलावली होती, आणि साऱ्या गावाला खरं ठाऊक होतं.

"नसीम!" कडूबाईनं बब्रुवानचा हात झिडकारला आणि काठावर पालथी पडली. "ए नसीम!"

खाली अंधार साचला होता. पारव्यांची फडफड झाली. मग अगदी खालून, पाण्याच्या जवळून, काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. माणसाचा आवाज वाटत नव्हता. पण चाँदपाशानं तो ओळखला.

"जिंदा हाय," तो म्हणाला, आणि तिथंच उकिडवा बसून त्यानं तोंड हातांत झाकलं.

पायऱ्या अर्ध्यापर्यंत धड होत्या, खालच्या ढासळलेल्या. नसीम धड पायरीवरून वाकून कपारीत हात घालत होती तेव्हा तिच्या पायाखालचा दगड निसटला होता, आणि ती पाण्यालगतच्या खडकाच्या टप्प्यावर आपटली होती. गुडघ्याखाली पाय मोडला होता. हातभर अलीकडं पाणी, हिरवंकाळं, आणि ती दुपारपासून दगडाला पाठ लावून, न हलता बसलेली. हाका मारून मारून घसा बसला होता. वर मोट चालू होती, चाकाच्या करकरीत कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

चाँदपाशा उतरायला निघाला तसं बब्रुवाननं त्याला खांद्याला धरून मागं ओढलं. "तुमचे हात थरथरायलेत, पाहुणं. तुमी वर थांबा अन् दोर धरा."

मोटेचा नाडा कमरेला बांधून तो स्वतः उतरला. मग एक बाज चारही बाजूंनी दोरांनी बांधून खाली सोडली. पोरं आणि मास्तर वर दोर धरून. एकदा बाज भिंतीला अडकली, कलंडली. खालून बब्रुवान ओरडला, "ढिला सोडा! ढिला!" आणि पुन्हा ओढ सुरू झाली. कडूबाई काठावर पालथी पडूनच होती. बाज हाताच्या टप्प्यात आली तेव्हा तिनं पहिल्यांदा पोरीच्या मनगटाला धरलं आणि सोडलंच नाही.

नसीमच्या ओढणीच्या गाठीत चुरगळलेली चार काळ्या देठांची पानं होती. उंबरगे सरांनी ती पाहिली आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले.

बाज तशीच उचलून बंगल्यावर आणली, कारण डॉक्टर तिथंच येणार होते. पण डॉक्टरांच्या आधी गर्दी आली. मळ्यातून गावात गेलेली बातमी वाटेतच पुरी झाली होती. फाटकाशी बाया, बाप्ये, बाजाराची परतणारी माणसं. 'नालबंदाची पोरगी.' 'जीव द्यायला गेली.' 'पोरांच्यात नेऊन ठेवल्यावर दुसरं काय व्हायचं?' 'काहीतरी असंलच की, उगं कोण उडी टाकतंय?' कडूबाईच्या कानावर एकेक शब्द येत होता. चाँदपाशाच्याही.

सायकल टेकवून ठाण्यातला कोंडीराम जमादार ओट्यावर आला. वाईट माणूस नव्हता. पण वर्दी मिळाली म्हणजे जबाब घेणं भाग होतं, आणि जीव द्यायला जाणं हाही गुन्हाच होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"पाय घसरला," प्राचार्य म्हणाले.

"पाय घसरला," चाँदपाशा म्हणाला.

जमादार थोडा हसला. फाटकाशी कुणीतरी खाकरलं, आणि खसखस पिकली. "सारेच असं सांगत्यात," जमादार म्हणाला. "आजवर विहिरीतनं जेवढ्या काढल्या, सगळ्यांचा पायच घसरलेला. बुरखा घडी करून, चपला काढून पाय घसरतो व्हय?"

नसीम बाजेवरून काही सांगू बघत होती, पण घशातून नुसती हवा येत होती. कडूबाईला कळून चुकलं की आता कुणी कितीही वेळा पाय घसरला म्हटलं तरी ती गोष्ट तितकीच खोटी वाटत जाणार. खरीखुरी गोष्ट होती, आणि तिला अंगावर घालायला एकच कापड होतं, तेही साऱ्यांनी वापरून मळवलेलं.

ती पुढं झाली. "जमादारसाहेब, पाय घसरला असं लिवू नका."

चाँदपाशानं चमकून वर पाहिलं.

"मंग काय लिवू?"

"लिवा, की कडूबाई झोपली होती." तिचा आवाज फाटकापर्यंत जात होता, आणि तिला तो तसाच जायला हवा होता. "पोरगी माझ्या हवाली होती. दिवसाढवळ्या माझा डोळा लागला. मास्तरानं सांगितलेला पाला आणाया ती विहिरीत उतरली. बुरखा घालून कुणी पायऱ्या उतरतंय व्हय? म्हणून काढून ठिवला. चपला घसरत्यात म्हणून काढल्या. कस्तुराला सांगून गेली, ती बसलीय तिथं, इचारा. अन् म्या उठल्यावर ती न्हाय असं दिसलं, तरी कुणाला सांगितलं न्हाय. कालेजचा शिपाई आला तर त्याला झोपलीय म्हणून खोटं सांगितलं. शिपाई हितंच हाय. माझी नोकरी जाईल, माझं नाव जाईल, म्हणून. म्या तवाच वरडले असते तर पोरगी उन्हं असतानाच वर आली असती. जीव द्यायला गेलेली पोरगी घसा बसंस्तवर हाका मारत न्हाय, साहेब. ती हाका मारत होती अन् म्या इथं दार लावून बसले होते. हे लिवा. खाली माझा अंगठा घ्या."

शिपायानं मान हलवून होकार दिला. कस्तुरानं रडत रडत सगळं पुन्हा सांगितलं. उंबरगे सर म्हणाले की पाला आणायला मीच सांगितलं होतं. जमादारानं एकदा बाजेकडं, एकदा कडूबाईकडं पाहिलं. स्वतःच्या पोटावर पाय देऊन कुणी खोटं बोलत नाही, एवढं त्याला नोकरीनं शिकवलं होतं. तिनं सांगितलं तसंच त्यानं लिहून घेतलं.

मागच्या बाजूला प्रेमाबाई येऊन उभ्या होत्या. पुढं काय होणार ते त्यांना आणि कडूबाईला तेव्हाच दिसलं होतं.

झालंही तसंच. उन्हाळी वर्ग दोन दिवस आधीच गुंडाळला. कस्तुराला तिच्या वडिलांनी सकाळच्या पहिल्या गाडीनं लोहाऱ्याला नेलं. शाळा उघडली तेव्हा कमिटीच्या लोकांनी कडूबाईला बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. प्रेमाबाई भांडल्या, पण जबाब कडूबाईचाच होता, त्यात खोडायला जागा नव्हती. गावातही तिचं नाव निघालं की बाया तोंड वाकडं करायच्या. 'तीच ती, पोरगी विहिरीत अन् ही घोरत होती.' लोकांना शिव्या घालायला कडूबाई मिळाली, तशी पोरगी त्यांच्या तोंडातून सुटली. कडूबाई आडतीवर धान्य निवडायला जाऊ लागली. उन्हात बसायचं, चाळायचं, पाखडायचं. बोलायला कुणी नसायचं. रात्री मात्र ती दचकून उठायची आणि अंधारात शेजारी चाचपून बघायची.

बेंबळीहून अधूनमधून खबर यायची. सोलापूरला नेऊन पायाला प्लास्टर घातलं. काढलं. पाय किंचित आखूड राहिला. बाप पोरीला बाहेर पाठवत नाही. पाठवली. मॅट्रिकला बसली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये, आडतीवरून परत आल्यावर कडूबाई चुलीशी बसली असताना दारात चाँदपाशा उभा राहिला. त्या दिवसानंतर त्यांची भेट नव्हती. ती उठून उभी राहिली. तो शिव्या द्यायला आला असता तरी तिला नवल वाटलं नसतं.

"पास झाली," तो म्हणाला.

"झाली व्हय? लई झ्याक झालं."

"कालेजात नाव घालायचं म्हणती." तो उंबऱ्यातच टेकला. बराच वेळ पिशवीचा पट्टा चाळवत राहिला. "तिची मावशी आता हैद्राबादला गेली. इथं खोली बघितलीय, खाजानगरात. पण एकली कशी ठेवू?"

कडूबाईला त्याचा रोख कळला. "मला न्हाय जमायचं, चाँदभाई. दुसरी कुणी बघा."

"बघितल्या की. दोघीतिघी. साऱ्या म्हणत्यात, आमी डोळ्यांत तेल घालून सांभाळू. मला तसलं नगं."

"माझ्या हातनं काय झालं ते इसरला का?"

"इसरलो न्हाय. लई दिवस तुमचं नाव काढलं तरी मस्तक फिरायचं. बिवी म्हणायची, त्या बाईनं लेकीची अब्रू राखली. म्या म्हणायचो, आधी पाय मोडला. अजूनबी म्हणतो." त्यानं वर पाहिलं. "पर त्या सांजंला म्या आंबे ठिवून गाडीला गेलो असतो, अन् तुमी जाऊ दिलं न्हाय. दुसरी कुणी असती तर?"

चुलीवरची भाकरी करपायला लागली होती. कडूबाईनं ती उतरवली.

बाहेर कोणीतरी पावलं टाकत आलं, एक जड, एक हलकं. नसीम कोपऱ्यावर थांबायचं सोडून पुढं आली होती. वर्षात चांगली उंच झाली होती. दारात येऊन ती बापाच्या मागं उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मी ह्या वेळेला सांगून जाईन. कुठंबी जायचं असलं तरी."

"न सांगता जाशील तर दुसरा पाय म्या मोडीन," कडूबाई म्हणाली, आणि मग तोंडाला पदर लावून बसली.

खाजानगरातल्या त्या खोलीत त्या दोघी राहिल्या. पहिले काही महिने कडूबाई दुपारी डोळा लागू नये म्हणून दळणकांडण काढून बसायची. पुढं पुढं झोपायला लागली. नसीम रसायनशास्त्रात एकदा नापास झाली, दोन दिवस जेवली नाही, पुन्हा बसली आणि निघाली. कस्तुराचं लग्न झालं होतं. दिवाळीला लोहाऱ्याहून ती भेटायला आली की तिघी अंगणात बसून बोलायच्या, पण विहिरीचा विषय कुणी काढत नसे.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी कडूबाई नसीमसंगं फाटकापर्यंत गेली होती. बंगल्याला चुना मारला होता, बाजूला नव्या खोल्या उठत होत्या. तोच जुना शिपाई फाटकाशी होता. त्यानं तिला ओळखलं आणि ओशाळून म्हणाला, "मावशी, आता वर्गात बसू देत न्हाईत बाहेरच्यांना."

"मला कुठं बसायचंय," कडूबाई म्हणाली. नसीम आत जाऊन मुलींच्या घोळक्यात मिसळेपर्यंत ती उभी राहिली. मग ऊन वर यायच्या आत आडतीवर पोचायचं होतं, म्हणून भरभर निघाली.